फायबर म्हणतात ते सगळं फायबर असतं का?

गेल्या महिन्यात घरच्या न्हाणीघराचं दार बदलायचं झालं. जुनं फ्लश डोअर खालून फुगून त्याचे पदर सुटले होते. पावसाळ्याच्या आत काम उरकावं म्हणून तीन दुकानं फिरलो. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "फायबरचं घ्या, आयुष्यभर बघायला नको." पण दाखवलेली तीन दारं तीन तऱ्हेची होती. एक हाताने दाबलं तर आत जाणारं, पोकळ. दुसरं जड, वर लाकडासारख्या रेषा उमटवलेलं. तिसरं चकचकीत छापील फुलांचं. किंमतही दुप्पट-तिप्पट फरकाची. दुकानदाराला विचारलं, यातलं फायबर कुठलं? तो हसून म्हणाला, "फायबर म्हणजे फायबरच की ओ!"

गंमत अशी की आपण बोलताना हा शब्द कशालाही लावतो. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या 'फायबरच्या', त्या प्रत्यक्षात पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या. गच्चीवरची काळी टाकी 'फायबरची', ती पॉलिथीनची. स्कूटरची 'फायबर बॉडी' बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिक असते. चष्म्याच्या दुकानात 'फायबर काच' मागतो, ते तर पारदर्शक प्लास्टिक, त्यात तंतू नावालाही नसतो. आणि जिथे खरोखर फायबरग्लास असतं, तिथे आपलं लक्षही जात नाही. हातातल्या मोबाइलच्या आत ज्या हिरव्या पट्टीवर सगळे बारीक भाग बसवलेले असतात ती पट्टी म्हणजे काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी. हात मोडल्यावर दवाखान्यात घालतात ते रंगीत, हलकं प्लास्टरही फायबरग्लासचं. रेल्वेच्या डब्यातल्या शौचालयाच्या भिंती, साखर कारखान्याच्या कुलिंग टॉवरचे पंखे, वीज मंडळाच्या माणसाच्या खांद्यावरची पिवळी शिडी, सौंदत्तीच्या माळावर फिरणारी पवनचक्कीची पाती हे सगळं त्याच कुळातलं.

नावातच उत्तर आहे. फायबरग्लास म्हणजे काचेचा तंतू. तोच तंतू रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून थर देऊन वाळवला की जी वस्तू तयार होते तिला कारखान्यात 'एफआरपी' म्हणतात. आपण दोन्हीला फायबरच म्हणतो. इंटरनेटची ऑप्टिकल फायबर वेगळी. ती अतिशुद्ध काचेची असते आणि तिचं काम प्रकाश वाहून नेण्याचं. मात्र त्या केबलला ताण सोसावा म्हणून अनेकदा तिच्या मधोमध जी कडक काडी घालतात, ती एफआरपीची असते.

काच तर हातातून पडली की फुटते, मग तिची होडी कशी होते? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास काचेच्या बारीक काड्या ओढून त्या तोडून पाहिल्या. काडी जितकी बारीक, तितकी ती ताकदवान निघाली. कारण त्याने सांगितलं ते असं. काच मुळात कमकुवत नसते, तिच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे चरे असतात. ताण आला की चऱ्याच्या टोकाशी सगळा जोर एकवटतो आणि तडा पुढे धावतो. तंतू बारीक असला की त्यात मोठा चरा मावतच नाही. म्हणून खिडकीची काच जेवढा ताण सोसते त्याच्या कितीतरी पट ताण काचेचा ताजा तंतू सोसतो, साध्या लोखंडापेक्षाही जास्त.

पण नुसत्या तंतूंचा गठ्ठा म्हणजे कापूस. त्याला आकार नाही. इथे रेझिन येतं. ते तंतूंना जागच्या जागी धरून ठेवतं आणि एकावरचा भार शेजारच्याला वाटून देतं. एखादा तंतू तुटला तरी तडा तिथेच थांबतो, कारण पुढे रेझिन आणि मग दुसरा तंतू. आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होतं. भिंतीच्या मातीत भाताचं काड किंवा गवत तुडवून का घालायचे? नुसती माती वाळली की भेगाळते, काड असलं की धरून राहते. तत्त्व तेच, माल वेगळा.

तंतू काढण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. वाळू, चुनखडी आणि इतर काही खनिजं भट्टीत चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवतात. तो रस प्लॅटिनम मिश्रधातूच्या पात्रातून खाली सोडतात. पात्राच्या बुडाला शेकडो, कधी हजारो बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकातून निघणारी धार खाली प्रचंड वेगाने फिरणाऱ्या रिळावर ओढून घेतात. शेवयांच्या सोऱ्यासारखंच म्हणा, फक्त शेवई इथे केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी बारीक आणि प्लॅटिनमचा सोऱ्या परवडणारा पाहिजे!

शोधाची गोष्ट अमेरिकेतली. १९३२ साली ओहायोतल्या ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाखालच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे तंतूच तंतू उडाले. गेम्स स्लेटर याने त्यातून पद्धत बसवली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर टोपण हवं होतं, लोखंडाचं घातलं तर रडारच्या लहरी अडतात, काचेतंतूचं घातलं तर पार जातात. तिथून गाडी सुटली. १९५३ मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही मोटार फायबरग्लासच्या बॉडीत काढली, पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या. खेळातही उलथापालथ झाली. बांबू उडीचा विश्वविक्रम १९६० मध्ये धातूच्या काठीने ४.८० मीटर होता. वाकून परत उसळणारी फायबरग्लासची काठी हातात आली आणि १९६३ मध्ये तो ५.२० मीटरवर गेला.

शेडमधलं काम

उद्यमबागेच्या बाजूला एका छोट्या शेडमध्ये फायबरचं काम चालतं. ट्रॅक्टरचं बॉनेट, बसचा बंपर, बागेतले हत्ती-हरिण, देवळाची कमान, काय म्हणाल ते. एक दुपार तिथे बसून काम पाहिलं.

आधी साचा. त्याला मेण घासून पॉलिश करतात, म्हणजे माल चिकटत नाही. मग जेलकोट, हा रंगीत घट्ट थर म्हणजे वस्तूची बाहेरची कातडी. तो चिकचिकीत असतानाच मॅट अंथरायची. मॅट म्हणजे काचेचे तुकडे दाबून केलेली पांढरी चादर. ती वजनावर ओळखतात, ३०० ची, ४५० ची, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. वर ब्रशने रेझिन, मग लोखंडी रोलरने दाबून आतली हवा काढायची. ४५० च्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. जितके थर, तितकी ताकद आणि तितका खर्च. सगळं कसब रोलरच्या हातात आहे. आत हवेचा बुडबुडा राहिला की तिथून पुढे पदर सुटणार.

रेझिन स्वतःहून वाळत नाही. त्यात कोबाल्ट आणि हार्डनर घालतात. हार्डनर शंभराला एक-दोन या प्रमाणात. जास्त पडलं की माल तापतो, धूर येतो, तडकतो. कमी पडलं की दिवसभर चिकट. पण खरी मेख वेगळीच आहे. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात. या शेडमध्ये त्या शेजारी शेजारी, एकाच फळीवर होत्या. विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "वीस वर्षं अशाच हायेत." हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि पोरं चष्म्याशिवाय ढवळत होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून काय करायचं?

वास येतो तो स्टायरीनचा, रेझिनमधल्या द्रवाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'माणसात कर्करोग होण्याची बऱ्यापैकी शक्यता' या गटात टाकलं आहे. काचेच्या नेहमीच्या लांब तंतूला त्या संस्थेने असं ठरवलेलं नाही. तंतूने खाज येते ती टोचल्यामुळे, विषामुळे नव्हे. घासायचं नाही, गार पाण्याने धुवायचं, आणि कामाचे कपडे घरातल्या धुण्यात टाकायचे नाहीत. मात्र ग्राइंडर मारताना उडणारी धूळ छातीत जाता कामा नये, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. धुळीसाठी चांगला मास्क, वासासाठी वेगळ्या फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा, एवढं तरी पाहिजे. दोन पत्रे काढून वारा येऊ दिला तरी फरक पडतो.

मिस्त्रींनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. भाव पाडायचा असला की रेझिनमध्ये खडूसारखी पावडर वाढवतात आणि मॅटचा एक थर कमी करतात. बाहेरून कळत नाही, जेलकोट तसाच चमकतो. दोन उन्हाळ्यांत तडे दिसायला लागतात. म्हणून काम देताना "फायबरचं करा" एवढंच सांगू नका. मॅट किती नंबरची, थर किती, आणि मागची बाजू रंगवण्याआधी बघायला मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा. मागच्या बाजूला तंतू उलटसुलट पसरलेले दिसले पाहिजेत.

म्हादई नावाची होडी

आपल्या बाजूला या मालाची सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती गोव्यात. म्हादई नदी उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात, आणि पुढे गोव्यात मांडवी होते. (पाण्याच्या वादात इथे शिरत नाही, ती वेगळी बातमी.) त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात नौदलासाठी ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि तिचं नाव ठेवलं 'म्हादई'. आत लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर काचेतंतूचं कापड व इपॉक्सीचे थर, अशी तिची अंगकाठी. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे त्याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठल्याही बंदरात न थांबता फिरून आले. पुढे 'तारिणी' ही तिची बहीण तिथेच झाली आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्यासह नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून प्रदक्षिणा पुरी केली. दक्षिण महासागरातल्या लाटा ज्याने सोसल्या तो माल हाच, फक्त तिथे रोलर फिरवणाऱ्याच्या हातात घाई नव्हती.

साध्या रापणकाराच्या, गळ टाकणाऱ्याच्या आयुष्यात झालेला बदल याहून मोठा आहे असं मला वाटतं. लाकडी होडी म्हणजे सतत सेवा. समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरतो. त्याला रोखायला काजूच्या टरफलाचं तेल लावायचं, फटी बुजवायच्या, फळ्या बदलायच्या. वर जंगलतोडीचे नियम आणि लाकडाचे भाव. फायबरच्या होडीला किडा लागत नाही, गंज नाही, पाणी पिऊन जड होत नाही, दोन-चार माणसं ती किनाऱ्यावर ओढून घेतात. जुनी लाकडी होडी मोडीत काढण्याऐवजी तिच्यावर फायबरचा थर चढवणं हाही एक मार्ग आहे. पण लाकूड ओलं असताना वर थर दिला तर आतल्या आत कुजतं. आधी पूर्ण वाळवायला हवं.

एक गोष्ट मात्र लाकूड करत होतं ती फायबर करत नाही. लाकूड करकरतं, लोखंडाला पोचा पडतो, म्हणजे आधी सूचना मिळते. फायबरला खडकाचा दणका बसला तर बाहेर नखाएवढा ओरखडा आणि आत वीतभर पदर सुटलेले, असं होऊ शकतं. जाणकार नाण्याने ठोकत जातात. टणक आवाज येत असताना मध्येच 'बद्द' आवाज आला की तिथे गडबड. दुरुस्ती करताना नुसती पट्टी चिकटवून चालत नाही. तुटक्या भागाच्या कडा दूरवर उतार देत घासायच्या, कोरड्या करायच्या आणि मग थर चढवायचे. जुन्या मालाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, पॉलिएस्टर स्वस्त पडतं. हवेत दमटपणा असला की दोन्ही दगा देतात. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते म्हणून अनेक जण दुरुस्ती तेव्हा काढतात, नेमकी चुकीच्या हवेत. मे महिन्यातच काम उरकलेलं बरं.

पत्र्यावर चढण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण दिवस त्याचेच आहेत. शेडवर, गोठ्यावर, शाळेच्या वऱ्हांड्यावर उजेडासाठी मध्ये मध्ये अर्धपारदर्शक पत्रे घातलेले असतात. जुने बहुतेक फायबरचे. उन्हाने वरचं रेझिन झिजतं, पत्रा पिवळा पडतो, तंतू उघडे होऊन हाताला टोचायला लागतात. दिसायला पत्रा जागेवर असतो, पण त्याच्यात जीव राहिलेला नसतो. वर धूळ, शेवाळ आणि पालापाचोळा साचला की बाजूच्या सिमेंट पत्र्यातून तो ओळखूही येत नाही. कौलं शाकारायला, पन्हळ साफ करायला वर गेलेला माणूस त्यावर पाय ठेवतो आणि खाली फरशीवर येतो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचं कंबरडं असंच मोडलं. ते आठ महिने अंथरुणावर होते, त्यांचं दुकान मुलाने शाळा सोडून चालवलं.

असा पत्रा नवा असला तरी त्यावर पाय ठेवायचा नाही. आधी खालून, आतून बघून उजेडाचे पत्रे कुठे आहेत ते ध्यानात घ्या. वर जाताना लांब, रुंद फळी न्या, ती दोन वाशांवर टेकेल अशी ठेवा आणि फळीवरूनच चाला. तंतू उघडे पडलेला पत्रा बदलूनच टाका, त्याला रंग मारून उपयोग नाही.

मग तो जुना पत्रा, फुटकी होडी, मोडका बंपर टाकायचा कुठे? इथे फायबरची बाजू लंगडी पडते. लोखंड भंगारात जातं, प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरतात, फायबरचं रेझिन एकदा वाळलं की पुन्हा वितळत नाही. भंगारवाला हात लावत नाही. (याचा एक फायदाही आहे. गटारावरची लोखंडी झाकणं चोरीला जातात, फायबरची कोणी नेत नाही!) लोक कडेला नेऊन जाळतात. त्यातून काळा, विषारी धूर निघतो आणि काच तशीच उरते. पवनचक्कीच्या पात्यांचं काय करायचं हा प्रश्न युरोपात आधीच उभा राहिला. जर्मनीत पाती बारीक करून सिमेंटच्या भट्टीत घालतात, रेझिन जळणाचं काम करतं आणि काच सिमेंटमध्ये जाते. गदग-सौंदत्तीपासून साताऱ्याच्या वनकुसवड्यापर्यंत आपल्याकडेही पाती उभी आहेत, आणि तीही कधीतरी उतरणार. गणपतीच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हवं. काही मंडळं फायबरची मोठी मूर्ती वर्षानुवर्षं ठेवून विसर्जनाला छोटी शाडूची मूर्ती घेतात, ते ठीक. फायबरची मूर्ती पाण्यात सोडली तर ती विरघळायची नाहीच.

गोबरगॅसवाल्यांसाठी एक ओळ. तरंगत्या टोपीचा प्लांट असेल आणि लोखंडी टोपी दर दोन-तीन वर्षांनी गंजत असेल, तर फायबरची टोपी मिळते. गॅसमधला जो घटक लोखंड खातो तो फायबरला सहसा बाधत नाही. आणि फायबरचं प्लास्टर घातलेल्यांसाठी दुसरी. वरचं प्लास्टर भिजून खराब होत नाही, पण आतला कापूस भिजतो आणि कातडी कुजते. तेव्हा आंघोळीला पिशवी बांधायचीच.

आता दाराचं. ओळखायची सोपी रीत त्या मिस्त्रींनीच शिकवली. दुकानात कापलेला तुकडा मागायचा. मोडून बघायचा. प्लास्टिक सरळ तुटतं, फायबरच्या तुटलेल्या कडेला काचेची झालर दिसते. तरी शंका असली तर नखाएवढा कपटा उघड्यावर चिमट्यात धरून पेटवायचा. प्लास्टिक वितळून मऊ होतं किंवा ठिबकतं. फायबरचं रेझिन जळून जातं आणि काचेची पांढरी जाळी तशीच हातात राहते. मी तिन्ही दारांचे कपटे आणून अंगणात पेटवले. पोकळ दार पीव्हीसीचं निघालं, फुलांचंही पीव्हीसीचंच, वर फक्त छापील कागद. जड दारात जाळी उरली.

तेच घेतलं. सुताराने चौकटीत बसवताना खालून अर्धा इंच कापलं, तेव्हा आतला लाकडी गाभा उघडा पडला. तो भाग तसाच सोडला असता तर पाणी तिथूनच चढलं असतं आणि दोन वर्षांनी पुन्हा फुगवटा. शेडमधून वाटीभर रेझिन आणलं, कापलेल्या कडेला दोन हात दिले, रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी दार लावलं.